ताठ पाठीचे शिक्षण

पहाटे पाचला लाखांदूरहून वडसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निघालात तर धावणारी मुलेमुली दिसतील. ही भरतीची मुले. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, हे पोलीस भरतीचे गणित त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्यांना अडवून ‘हे कशाला?’ असे कोणी विचारत नाही. त्याच वेळी विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत आणखी पंधरा-वीस जण रांगेत उभे असतात. पाय फाकवलेले, गुडघे वाकवलेले, मुठी कमरेला, पाठ ताठ. ते आम्ही. आम्हाला मात्र गेली तीन वर्षे एकच प्रश्न विचारला जातो, "हे कुंगफू कायले?"

प्रश्न तीन बाजूंनी येतो. वस्तीतील जाणती मंडळी म्हणतात, बुद्धाचा धम्म अहिंसेचा, आणि तुम्ही विहाराच्या सावलीत लाथा शिकवता. चळवळीतील मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, तुम्ही पोरांचा अभ्यासाचा वेळ उड्या मारण्यात घालवता. तिसरी बाजू गावातील इतरांची. ते विचारत नाहीत, आपसात बोलतात, "आता यायचे पोट्टे मारामारी शिकून राह्यले." तिसऱ्यांच्या बोलण्यात प्रश्न कमी आणि सूचना जास्त असते, हे वस्तीत वाढलेल्या प्रत्येकाला कळते.

या तिघांनाही एकदा सविस्तर उत्तर देणे भाग आहे. कारण या तीन वर्षांत आम्ही जे शिकलो त्यातला लाथेचा भाग अगदी थोडा आहे. आणि त्या थोड्या भागानेच आम्हाला एकदा मोठ्या अडचणीत आणले होते. तेही लपवायचे नाही.

आधी शब्दाबद्दल. कुंगफू या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नव्हे. वेळ आणि कष्ट घालून कमावलेले कौशल्य, असा त्याचा अर्थ आहे. मग ते कोणतेही असो. चिखलात दिवसभर वाकून, हात न थांबवता धानाची सरळ ओळ रोवत जाणारी आमची आई, हे कुंगफूच. चिनी युद्धकलांना जगाने हे नाव दिले ते फार उशिरा, आणि ते घरोघरी पोचवले ते ब्रूस लीने. त्याचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ सालचा. तो पडद्यावर येण्याआधीच, वयाच्या ३२व्या वर्षी, ब्रूस ली गेला. पण अमेरिकेतील काळ्या वस्त्यांपासून आपल्याकडच्या तालुक्याच्या व्हिडिओ हॉलपर्यंत ज्या पोरांना पडद्यावर आपल्यासारखे कोणी दिसत नव्हते, त्यांच्या भिंतीवर त्याचे चित्र लागले. गोऱ्या नायकाच्या सिनेमात एक किरकोळ बांध्याचा आशियाई माणूस मान वर करून उभा राहतो, एवढेच त्यांना पुरेसे होते. आमच्यातील निम्म्या पोरांची सुरुवात मोबाईलवरच्या त्याच चित्रफितींपासून झाली आहे. पोरे उडी मारायला येतात. पहिले दोन महिने त्यांना नुसते उभे राहावे लागते.

त्या उभे राहण्याला चिनी भाषेत ‘मा बू’ म्हणतात, आमचे सर ‘हॉर्स स्टान्स’ म्हणतात. घोड्यावर बसल्यासारखे मांड्या जमिनीला समांतर नेऊन, पाठ सरळ ठेवून थांबायचे. पहिल्या दिवशी तीस सेकंदांत पाय थरथरतात. सहा महिन्यांनी माणूस तीन मिनिटे थांबतो. आमच्या वर्गातील एका मुलाची आई एकदा डबा घेऊन आली आणि पोरांची कण्हाकण्ही पाहून हसली. सरांनी तिला विनंती केली. तिने पदर खोचला आणि पहिल्याच दिवशी दोन मिनिटे उभी राहिली. मांड्यांमध्ये ताकद होतीच. वीस वर्षांच्या रोवणीची ती ताकद. फक्त एक गोष्ट तिला जमेना. सर पुन्हा पुन्हा सांगत होते, "ताई, पाठ सरळ, नजर समोर." नजर समोर राहीना. ती आपोआप खाली जात होती.

त्या दिवशी आमचे डोळे उघडले. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही मार्सेल मॉस वाचला होता. १९३४ साली एका व्याख्यानात त्याने मांडले की चालणे, बसणे, पोहणे, झोपणे हेसुद्धा निसर्गाने दिलेले नसते. समाज ते माणसाच्या देहाला शिकवतो. परीक्षेत आम्ही यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले आणि विसरलो. ते उत्तर खरे कळले ते विहाराशेजारच्या मातीत. जात कागदावर असते, मनात असते, तशीच ती मणक्यात असते. मालकाच्या दारात कुठे उभे राहायचे, किती वाकायचे, कोणाकडे पाहायचे नाही, आवाज किती ठेवायचा, हे कोणत्या पुस्तकातून आपण शिकलो नाही. देहाने देहाकडून उचलले. ‘जोहार’ जाऊन ‘जयभीम’ आला तेव्हा शब्द बदलला आणि मानही वर आली. पण प्रत्येक पिढीत हे काम नव्याने करावे लागते, कारण नमवणारी व्यवस्थाही प्रत्येक पिढीत नव्याने काम करते.

आणखी एक फरक त्या आईमुळे कळला. आपल्या लोकांना कष्टाची कमी कधीच नव्हती. धानाच्या बांधीत, तेंदूपत्त्याच्या हंगामात, नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर आपले देह राबतच आहेत. पण ते राबणे दुसऱ्यासाठी आणि दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेला. पहाटेचा हा एक तास असा आहे की त्यात आपला देह कोणासाठी राबत नाही. तो स्वतःला घडवतो. रोजच्या जगण्यावर कुंगफूचा परिणाम काय, असे कोणी विचारले तर आमचे पहिले उत्तर हे आहे. दिवसातील एक तास आमचा झाला.

आता अहिंसेच्या आक्षेपाकडे येऊ. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६च्या पुस्तकात बाबासाहेबांनी एक प्रश्न विचारला आहे. युरोपातही बलवानांनी दुर्बलांना लुटले, मग तिथे क्रांत्या झाल्या आणि इथे का झाल्या नाहीत? त्यांचे उत्तर असे की युरोपातील दुर्बलांच्या हाती लष्करी सेवेमुळे शारीरिक, मताधिकारामुळे राजकीय आणि शिक्षणामुळे नैतिक शस्त्र होते. चातुर्वर्ण्याने शूद्र-अतिशूद्रांना ही तिन्ही शस्त्रे नाकारली. आपण शिक्षणाबद्दल रोज बोलतो, मताधिकाराबद्दल निवडणुकीत बोलतो. शारीरिक बळाबद्दल मात्र बोलायला संकोचतो, जणू ते शिकल्या-सवरलेल्या माणसाला शोभत नाही.

आपला इतिहास असा संकोच करणारा नाही. लहुजी वस्ताद साळव्यांची पुण्यात गंज पेठेत तालीम होती आणि जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळांच्या पाठीशी लहुजी उभे राहिले. त्याच शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा आपला निबंध लिहिला. म्हणजे शाळा आणि तालीम या एकमेकींच्या शत्रू नव्हत्या, शेजारणी होत्या. इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी सातत्याने लावून धरलेल्या मागणीनंतर. समता सैनिक दल तर आपल्या डोळ्यांसमोर आहे.

जुलै १९४२मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथेच बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण, चळवळ आणि संघटनेचा मंत्र दिला. त्याच दिवसांत तिथे समता सैनिक दलाचीही परिषद झाली. त्या परिषदेत अहिंसेविषयी बोलताना त्यांनी तुकोबांचा आधार घेतला. प्राणिमात्रांवर दया हा अहिंसेचा एक भाग आणि दुर्जनांचा बंदोबस्त हा दुसरा. एकाच भागाला अहिंसा म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. अहिंसा हा बुद्धाने नियम म्हणून सांगितलेला नाही, तत्त्व म्हणून सांगितला आहे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व माणसावर विचार करण्याची जबाबदारी टाकते. मारण्याची इच्छा वेगळी आणि गरज वेगळी, हा भेद ज्याला करता येतो तोच अहिंसक. ज्याच्यात ताकदच नाही त्याला हा भेद करण्याची संधीच येत नाही. त्याची अहिंसा ही निवड नसते, नाइलाज असतो.

त्याहीपूर्वी, १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर लिहिताना तरुण भीमराव आंबेडकरांनी आपले गुरू जॉन ड्यूई यांच्या आधारे शक्ती आणि हिंसा यांतला फरक दाखवला होता. शक्ती बांधण्यासाठी वापरली तर ती ऊर्जा, मोडण्यासाठी उधळली तर ती हिंसा. कुंगफूच्या वर्गात हा फरक रोज अंगावर येतो. सरावात समोरच्याच्या छातीपासून एक इंचावर मूठ थांबवायची असते. मूठ मारायला दोन आठवडे लागतात, थांबवायला वर्ष लागते.

हे सगळे आम्हाला वाचून माहीत होते. तरी आम्ही चुकलो.

वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या मंडईत आमच्या एका सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या समाजातील मुलाने जातीवरून शिवी दिली. भर गर्दीत, पाचपन्नास लोकांसमोर. आमच्या मुलाने पुढच्या क्षणी लाथ मारली. ती नीट बसली, कारण आम्हीच शिकवली होती. समोरच्याचा ओठ फाटला, रक्त आले. तासाभरात चौकात माणसे जमली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीतील तीन बायांना निरोप आला, धान कापायला येऊ नका. पाच दिवसांची त्यांची मजुरी बुडाली. हंगामातले पाच दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या घरी हातावरचे पोट आहे त्यालाच कळेल.

अॅट्रॉसिटी कायद्यानुसार तक्रार करता आली असती. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान हा गुन्हा आहे, आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर सामाजिक बहिष्कारही त्या कायद्यात आहे. पण साक्षीदारांकडे गेलो तर त्यांना शिवी आठवत नव्हती. लाथ मात्र सगळ्यांना आठवत होती. आमच्या लाथेने त्यांची शिवी पुसून टाकली होती. उलट आमच्याच मुलावर गुन्हा दाखल होण्याची वेळ आली होती. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून प्रकरण मिटवले. मिटवले म्हणजे आम्ही गप्प बसलो.

आम्ही पंधरा दिवस वर्ग बंद ठेवला. जाणती मंडळी म्हणाली, "सांगतलं होतं ना." त्यांचे खरे होते. मग एका संध्याकाळी विहारात बसून त्या मुलालाच विचारले, नेमके काय झाले? तो म्हणाला, "सर, शिवी ऐकली आन् श्वास अटकला. लात कवा मारली ते मलेच समजलं नाही." आमचे सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग ती लाथ तुझी नव्हती. शिवी देणाऱ्याने ती तुझ्याकडून मारून घेतली."

तो दिवस आमच्या वर्गाचा खरा पहिला दिवस. तेव्हापासून प्रत्येक सराव दहा मिनिटांच्या आनापानाने सुरू होतो आणि त्यानेच संपतो. श्वास आत, श्वास बाहेर, एवढेच पाहायचे. पूर्वी पोरांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. आता वाटत नाही. आम्ही एक सरावही नव्याने सुरू केला. एक जण मध्ये उभा राहतो आणि बाकीचे त्याला जमेल तेवढे चिडवतात. त्याने नजर समोर ठेवून, श्वास न तोडता, पूर्ण फॉर्म करायचा. हे वाचायला सोपे वाटते. करून पाहा.

या सरावात आम्ही महाड आठवतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्या चालल्या. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेली माणसे होती. मारायचे कसे हे त्यांना हल्लेखोरांपेक्षा चांगले ठाऊक होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा केली. त्या दिवशी सैनिकांनी हात उचलला असता तर इतिहासाला तळे आठवले नसते, दंगल आठवली असती. मंडईत आम्ही नेमके तेच गमावले. महाडचे सैनिक घाबरले म्हणून थांबले नाहीत, ताकद होती म्हणून थांबू शकले.

गेल्या वर्षी त्याच मुलाला बसस्टँडवर पुन्हा तशीच शिवी ऐकावी लागली. त्याने मूठ वळली नाही. मोठ्याने विचारले, "काय म्हणाला? पुन्हा म्हण." आजूबाजूच्या चार माणसांना नावे विचारली, वेळ मोबाईलमध्ये लिहून घेतली, आम्हाला फोन केला. या वेळी साक्षीदारांना शिवी आठवत होती. तक्रार नोंदली गेली आहे, प्रकरण चालू आहे. निकाल काय लागेल ते लागो. तीन वर्षांच्या सरावातून आम्हाला कोणते पदक मिळाले असेल तर ते हेच.

कुंगफूच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आपण भंडारा जिल्ह्यात राहतो. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चार जणांना जमावाने मारले. त्या घरातील आई आपल्या जमिनीसाठी ठाम उभी राहणारी, मुले शिकवणारी होती. त्यांच्या पाठी वाकलेल्या नव्हत्या, म्हणूनच गाव त्यांच्यावर उठले. न्यायालयांनी आरोपींना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू झाल्याचे मानले नाही. त्या संध्याकाळी त्या घरात कुंगफू येणारा कोणी असता तर वाचले असते का? नाही. ज्याला असे वाटते त्याने सिनेमा जास्त आणि वास्तव कमी पाहिले आहे. एकटा देह कितीही कमावलेला असो, जमावापुढे तो एकटाच.

जमावापुढे टिकते ते संघटन. गावात दोनचार घरे असलेल्या आपल्या माणसाला शेजारच्या गावातील आपला माणूस किती मिनिटांत ओळखतो, किती मिनिटांत फोन करतो, पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत कोण जाते, यावर जीव अवलंबून असतो. आमच्या वर्गाचा सर्वांत मोठा उपयोग इथे झाला. आठ गावांची मुले रोज पहाटे भेटतात. एखादा दोन दिवस आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येते. धम्म परिषदेला वर्षातून एकदा जमणारे लोक एकमेकांना ओळखतातच असे नाही. ज्याच्यासोबत रोज घाम गाळला त्याला माणूस विसरत नाही. समता सैनिक दल म्हणजे गणवेश आणि संचलन एवढेच समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. आज वर्गात सात मुली आहेत. पहिली आली तेव्हा तिची आजी रोज दाराशी येऊन बसे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणे, "पोरीनं लाता माराले शिकावं, हे कोनाच्या घरचं?" मुलींना लाथ लवकर जमली. जमत नव्हता तो आवाज. प्रहार करताना पोटातून आवाज काढायचा असतो. मुलांचा पहिल्या दिवशी निघतो. मुलींचा तीन-तीन महिने निघत नाही, ओठांपर्यंत येऊन परत जातो. लहानपणापासून ‘हळू बोल’ ऐकलेल्या गळ्याला ओरडायला शिकवणे हे आमच्या वर्गातील सर्वांत अवघड काम आहे. त्यातील एकीने कॉलेजला जाताना गर्दीच्या बसमध्ये, अंगाला हात लावणाऱ्या माणसाला सगळी बस वळून पाहील अशा आवाजात सांगितले, "हात काढा." हात निघाला. लाथेची गरजच पडली नाही. शाळांमध्ये समग्र शिक्षेतून मुलींना तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण मिळते. ते चांगलेच आहे, पण आमच्या अनुभवात तीन महिने गळा मोकळा व्हायलाच जातात.

मात्र मुलींना स्वसंरक्षण शिकवले की काम झाले, असे आम्ही मानत नाही. तसे म्हणणे म्हणजे गुन्हा करणाऱ्याला मोकळे सोडून सगळा भार मुलीवर टाकणे. म्हणून आमच्याकडे मुले आणि मुली एकाच रांगेत उभी राहतात. मुलाला पॅड धरून मुलीचा मार झेलावा लागतो, तिने चूक दाखवली तर ‘हो ताई’ म्हणावे लागते. मुलांचे शिक्षण त्यातच आहे.

आणखी एका गोष्टीवर आपल्या तरुणांशी भांडायचे आहे. मोबाईलवर एक संदेश फिरतो की कुंगफूचा शोध भारतातून गेलेल्या बोधिधम्म भिक्खूंनी लावला, म्हणून कुंगफू आपलेच. २०११च्या एका तमिळ चित्रपटानंतर हे फार पसरले. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. चीनमधील शाओलिन विहार इ.स. ४९५मध्ये एका भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला हे खरे. तिथल्या भिक्खूंनी ६२१ साली पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला युद्धात मदत केली आणि ७२८ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे, हेही खरे. पण बोधिधम्मांचा व्यायामाशी संबंध जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला आणि त्यांच्या नावावर मागाहून खपवलेला आहे. खुद्द चिनी इतिहासकारांनीच विसाव्या शतकात ते दाखवून दिले. आपण कालामसुत्त मानणारे लोक. परंपरेने आले, ग्रंथात आहे, ऐकीव आहे म्हणून मानू नका, असे बुद्ध सांगतो. दुसऱ्यांच्या पुराणांची चिकित्सा करायची आणि आपल्या सोयीचे पुराण मात्र फॉरवर्ड करायचे, हे चालणार नाही. बुद्धाशी नाते सांगायला आम्हाला चीनपर्यंत जाण्याची गरजही नाही. लाखांदूरच्या शेजारच्या पवनीला १९६९-७०च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडले आहेत. बुद्ध इथल्या मातीखालीच होता.

हीच चिकित्सा युद्धकलेच्या दुनियेलाही लावली पाहिजे. तिथे गुरूची भक्ती फार असते. पायावर डोके, फोटोला हार, प्रश्न विचारायचा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मैदानावरही तेच. आमच्या वर्गात सरांच्या पाया पडायला बंदी आहे, आणि ही बंदी सरांनीच घातली. सुरुवातीला आणि शेवटी सगळे एकमेकांना जयभीम करतात, सरही. दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. पट्टा आणि प्रमाणपत्र विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. ‘खेळाडू आरक्षणातून नोकरी लागेल’ असे सांगून गरीब आईबापांकडून पैसे घेतले जातात. राज्यात खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त खेळाला, ठरलेल्या स्तरावरील स्पर्धेला आणि क्रीडा विभागाने पडताळलेल्या प्रमाणपत्रालाच लागू होते. ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांच्यासाठी वुशू हा खेळ आहे. १९९०पासून तो आशियाई खेळांत आहे, आणि हांगझोऊच्या स्पर्धेत २०२३ साली मणिपूरच्या रोशिबिना देवीने त्यात रौप्यपदक मिळवले. त्या वाटेने जरूर जावे. पण पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून यावे.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. पहाटे साडेचारला उठायचे म्हणजे रात्री दहाला मोबाईल बाजूला ठेवावा लागतो. दारू पिऊन आलेल्याला सरावात उभे करत नाही आणि त्याला घरीही पाठवत नाही. बाजूला बसवतो. दोघांनी तशी सवय सोडली, एकाने वर्ग सोडला. सराव संपला की वीस मिनिटे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे प्रश्न विचारतात. आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असाच वाचून काढला आणि सध्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ सुरू आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतील एक मुलगी सांगते, "गणित अडलं की आधी मी पुस्तक बंद करायची. आता मनात हॉर्स स्टान्स म्हणते आणि अजून दोन मिनिटं बसते." अभ्यास आणि कुंगफू यांचे नाते यापेक्षा सोपे करून आम्हाला सांगता येत नाही. अवघड जागी आणखी दोन मिनिटे थांबणे, दोन्हीकडे तेच लागते.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. कुंगफूच करा असा आग्रह नाही. लाठी असो, कुस्ती असो, कबड्डी असो, कराटे असो. पण विहार फक्त पौर्णिमेला आणि जयंतीला उघडण्याची वास्तू राहू देऊ नका. तिथे रोज एक तास देह घडवा आणि वीस मिनिटे वाचा. मुली नसतील तर वर्ग सुरूच करू नका. पहिल्या दिवशी पाय शिकवण्याआधी श्वास शिकवा, आमच्यासारखे रक्त सांडल्यावर नव्हे. आणि अॅट्रॉसिटी कायद्याची माहिती असलेला एक माणूस वर्गाशी जोडून घ्या. मूठ आणि कायदा यांत कोणते कधी, हे मुलांना आधीच ठाऊक असले पाहिजे.

त्या आजी अजूनही दाराशी येऊन बसतात. त्यांचे मत पूर्ण बदलले असे म्हणणे खोटे ठरेल. पण परवा नात स्टान्समध्ये उभी असताना त्या ओरडल्या, "पाठ सरळ ठेव वो!"

ज्यांना शंका आहे त्यांनी पहाटे पाचला यावे. वाद घालायला आम्ही तयार आहोत. अट एकच, वाद उभे राहून घालायचा, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून.

जयभीम!